यंदा कोण

आमच्या गावात चारशे बारा माणसं
आणि ओद्नीच्या पुस्तकांत आजवर एकोणसत्तर खून.
हिशेब माझ्याकडे असतो. मी पोस्टात बसते,
आणि हिवाळ्यात आइसलँडच्या या टोकाला
मोजण्यासारखं दुसरं फारसं काही नसतं.

पहिल्या भागात दीपगृहाचा राखणदार गेला.
खराखुरा राखणदार महिनाभर तिच्याशी बोलला नाही.
मग लोकांना हळूहळू गोडी लागली.
आता नोव्हेंबरात रेकयाविकहून खोकी उतरली
की दारातच विचारतात, "यंदा कोण?"
मासे कापणारा ग्रिमुर तर रुसून बसलाय,
सत्तावीस भाग झाले, अजून त्याच्या मानेला
कुणी हात लावला नाही.
पाद्रीणबाईंना दोनदा मारलंय, नाव बदलून.
दुसऱ्या खेपेला त्या भर प्रवचनात म्हणाल्या,
"या वेळचं विष जरा स्वस्तातलं होतं."

इन्स्पेक्टर हावर्दुर पहिल्या भागात चाळीसचा.
हिशेबानं आता सहासष्टचा हवा. ओद्नीनं त्याला
त्रेपन्नाव्या वर्षात धरून ठेवलंय.
गुडघा दुखतो. बायको गेली ती गेलीच.
पेन्शनचा अर्ज खिशात घडी घालून फिरतो,
आणि कुणाच्याही स्वयंपाकघरात उभा राहिला
की त्याला कळतं पाणी कुठं मुरतंय.
शेवटच्या प्रकरणापर्यंत मात्र
ताकास तूर लागू देत नाही.

गेल्या फेब्रुवारीत ईस्लेइफुर गेला.
खरा.
जाळी विणायच्या शेडमध्ये, बाकावर बसल्या बसल्या.
डॉक्टर खिंड ओलांडून आले, एक ओळ लिहिली,
रस्ता बंद व्हायच्या आत परतले.
कुणी पिवळी फीत बांधली नाही.
काल रात्री साडेनऊला तुम्ही कुठं होता,
असं कुणी कुणाला विचारलं नाही.
पेपरात दोन ओळी, त्यातही जन्मसाल चुकलेलं.

एप्रिलमध्ये त्याची बायको अर्नफ्रिदुर
तिकिटं घ्यायला आली. ओद्नी तिथंच पार्सल बांधत होती.
सुट्टे मोजता मोजता अर्नफ्रिदुर म्हणाली,
"माझ्या माणसाचा खून करशील का?"

ओद्नीनं कात्री खाली ठेवली.
"कसा हवाय?"

"ते तू बघ. मला फक्त
हावर्दुर घरी यायला हवाय.
त्यानं विचारायला हवं, कॉफीत साखर किती घ्यायचा,
डाव्या बुटाची नाडी निळी का,
शेवटचं त्याच्याशी कोण बोललं, आणि काय.
तीनशे पानं कुणीतरी
त्याच्याबद्दल विचारत राहायला हवं.
इथं तर आठवड्याभरात सगळे
हवामानावर आले."

ओद्नी काही बोलली नाही.
पार्सलवर पत्ता घालायला विसरून गेली.
तो मी घातला.

अठ्ठाविसावा भाग कालच संपवला.
मेलेला माणूस जाळी विणतो. नाडी निळी आहे.
साखर तीन चमचे, ढवळायची नाही.
ग्रिमुर पुन्हा वाचला, पुन्हा रुसला.
खुनी कोण ते कालच वाचलं, तरी मला आठवत नाही.
अर्नफ्रिदुर म्हणे शेवटच्या प्रकरणाच्या अलीकडे थांबलीय,
खूण घालून पुस्तक उशाशी ठेवलंय.
तपास चालू आहे, म्हणाली.

आणि पान दोनशे अकरा.
हावर्दुर पोस्टात येतो, टोपीवरचा बर्फ झटकतो,
काउंटरपलीकडच्या बाईला विचारतो,
शेवटचं त्याच्याशी कोण बोललं?
मी, ती म्हणते.
काय बोललात?
दार लावून जा, वारा येतोय.

हे मी ओद्नीला सांगितलं नव्हतं.
कुणालाच सांगितलं नव्हतं.

हावर्दुर लिहून घेतो. पेन्सिल थांबते.
"मग लावलं त्यानं?"

हो.
परत येऊन, नीट ओढून लावलं.